आज नीट दिसतेस, म्हणालीस

आत्या,

उद्या तुझा दिवस घालायचा आहे. हे सकाळीच मोखाड्याच्या बाजाराला गेले आहेत, गूळ, तेल आणि पानसुपारी आणायला. पोरं मागे लागून गेली. घरात मी एकटी आहे आणि मला भीती वाटते आहे.

"कशाची?" तू लगेच विचारलं असतंस. मी भ्याले म्हटलं की सगळे 'भिऊ नको' म्हणायचे. तू तसं कधी म्हणाली नाहीस. म्हणायचीस, "नुसती भीती नसते गं सगुणे. कशाची तरी असते. आधी ते काय हाय ते सांग, मग खुशाल भी."

तर सांगते. मला पिठाची भीती वाटते आहे.

आज दिवस मावळायच्या आत ओटीवर, जिथे तू गेलीस त्या जागी, सारवून तांदळाचं पीठ पसरायचं. त्यावर बांबूचं डालं पालथं घालायचं. उद्या उजाडलं की देवजी भगत येईल आणि सगळ्यांसमोर डालं उचलेल. पिठात जे पाऊल उमटलं असेल त्या जन्माला माणूस गेलं. बहुतेकांचं चांगलंच निघतं. तुझ्या सासूला पाखरू निघालं होतं आणि तू हळूच म्हणाली होतीस, "बरं झालं, आता तरी उडेल. इथं तर तिला कोणी बाजारालाही नेलं नाय." पण मांजराचं पाऊल दिसलं तर ती बाई भुताळी होती असं ठरतं. लोकांच्या म्हशी आटवणारी, सुनांना हीव-ताप लावणारी. आणि भुताळी आपली विद्या बरोबर नेत नाही म्हणतात. ज्या बाईच्या अंगावर तिचा शेवटचा हात असतो, तिला देऊन जाते.

तुझा शेवटचा हात माझ्या पाठीवर होता. शेजारच्या ठकूमावशीने तो बघितला.

म्हणून लिहिते आहे. बोलायचं तर कोणाशी बोलू? ह्यांच्यासमोरही माझ्या तोंडून निम्मं वाक्य निघतं आणि निम्मं पदरात राहतं. तू हसायचीस, "चार यत्ता शिकलीस त्या कुठं ठेवल्यास गं?" त्या इथे आहेत, आत्या. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तुला लिहायला लाज वाटत नाही.

तू माझी आत्या आधी, सासू मागाहून. चारचौघांत मी तुला 'अहो सासूबाई' म्हणायचे आणि घरात दार लोटलं की 'अगं आत्या'. मी लहान असताना तू दसऱ्याला जव्हारला आमच्याकडे यायचीस. वडील दरबारात पट्टेवाले, त्यांना त्या दिवसांत घरी यायला फुरसत नसायची. मग तूच मला मिरवणूक दाखवायचीस आणि दुसऱ्या दिवशी शिरपामाळावर न्यायचीस. तिथे उभी राहून खालच्या डोंगरांवरून बोट फिरवायचीस आणि म्हणायचीस, "तो बघ धूर. आमच्या पाड्याचा. सासूनं चूल पेटवली." मला नुसते डोंगर दिसायचे. पण मी म्हणायचे, "हो, दिसला."

"खोटारडे! धूर नायच तिथं. तू काय म्हणतेस ते बघत होते मी."

आणि मग माझ्या पाठीत एक धपका. तेव्हाही तुझा हात माझ्या पाठीवरच असायचा.

आपलं भांडण सुरू झालं ते ऐनाच्या झाडावरून. माझं नवीन लग्न झालेलं. माहेराहून मला घेऊन तू पाड्याला परत निघाली होतीस. राबासाठी झाडं छाटायचे दिवस होते, पण मी गावात वाढलेली, मला ते कुठलं ठाऊक. दरवर्षी शेत भाजायला लागतो तो सगळा पाला आपली माणसं झाडावरून उतरवतात आणि झाडाचं नुसतं खोड आणि वर दोन-चार ठुटं तेवढी ठेवतात, हे मी तोवर बघितलं नव्हतं. उन्हं उतरली होती. वळणावर एक उघडा माणूस दोन्ही हात वर करून उभा होता, आणि त्याला डोकं नव्हतं. मी तुझा पदर धरून खालीच बसले.

"काय झालं? कोणाला भ्यालीस?"

"त्या माणसाला."

तू डोळ्यावर हात धरून बघितलंस. "अगं, तो ऐन हाय. आजच छाटलेला दिसतोय. म्हणजे ऐनाला भ्यालीस होय!"

तू इतकी हसलीस की मला राग आला. मी म्हटलं, "ऐनाला कशाला भिऊ? मी माणसालाच भ्याले."

"पण माणूस नव्हताच तिथं."

"नसेल. पण मी त्यालाच भ्याले."

तुझं हसू थांबलं. तू वाटेवरच्या दगडावर बसलीस आणि त्या झाडाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "खरं बोलतेस गं. जो हाय त्या ऐनाला तू भ्याली नायस आणि जो नव्हता त्याला भ्यालीस. मग तो माणूस गेला कुठं?"

"तो ऐन झाला."

"ऐन तर पहिल्यापासून ऐनच हाय."

त्यानंतर किती वर्षं तू मला तेच विचारत होतीस. जातं ओढताना, नागली झोडताना, मी कुठे हरवल्यासारखी दिसले की, "काय गं, सापडला का तो माणूस?" घरातल्यांना वाटायचं काहीतरी बायकांचं आहे. ह्यांनी एकदा रागावून विचारलंही, "कोण माणूस?" तेव्हा आपण दोघी जात्यावर डोकं ठेवून हसलो.

मग तुझे डोळे जायला लागले. आधी मधोमध एक डाग आला, चुलीवरच्या वाफेसारखा, आणि तो वाढत गेला. कडेकडेचं तेवढं राहिलं. माझ्याकडे बघायचं झालं की तू माझ्या कानाकडे बघायचीस. जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दिवा धरून बघितलं आणि सरळ सांगितलं, आतला पडदा झिजलाय, ह्याला औषध नाही, पण ठार आंधळ्या व्हायच्या नाहीत. चांगले होते बिचारे. परत येताना तू गप्प होतीस. मला वाटलं, दुःख झालंय. तुझ्या पोटात काय होतं ते पुढे कळलं.

एका दुपारी मी कण्या निवडत होते. तू आतून ओटीवर आलीस, उंबऱ्यात थबकलीस, अंग चोरून बाजूला झालीस आणि म्हणालीस, "जा बाई, जा तू आधी." ओटीवर कोणी नव्हतं. उंबऱ्यातही नव्हतं. माझ्या हातातलं सूप कलंडलं.

"कोणाला म्हणालीस?"

तू दचकलीस. मग माझ्याजवळ येऊन बसलीस आणि अगदी बारीक आवाजात सांगितलंस. बाया दिसतात. डोक्यावर पाट्या घेतलेल्या, पिवळ्या काठाची लुगडी नेसलेल्या, एकामागून एक भिंतीकडून निघतात आणि दाराकडे जातात. बोलत नाहीत. चालल्याचा आवाज नाही. कधी एखादी गाय असते. कधी नुसती फुलं, भिंतभर.

आत्या, मला त्या वेळी तुझीच भीती वाटली. तुला हे कधी बोलले नाही. तू माझ्या कानाकडे बघत सांगत होतीस आणि मी दाराकडे सरकत होते. पण मी उठून गेले नाही, आणि तूही थांबली नाहीस. म्हणालीस, "मला येड लागलं नाय. मी ओळखते कोणतं खरं आणि कोणतं नाय ते. सांगू कसं?"

"कसं?"

"जे नीट दिसतं ते नाय."

मला काही कळेना. तू चुलीकडे हात केलास. "ती चूल मला धुरासारखी दिसते. तू मला पातळ पेजेसारखी दिसतेस. माझा स्वतःचा हात असा, चिखलात बुडाल्यासारखा. आणि त्या गाईच्या पापणीचा केस न केस दिसत होता, सगुणे. तेव्हाच म्हटलं, गाय नाय ही. जे अंधुक तेच खरं. आता तेवढं ध्यानात ठेवायचं, की झालं. आज उंबऱ्यात चुकले. सवय गं, कोणी आलं की वाट द्यायची."

मी त्या दिवसापासून तुझ्याशी भांडायला लागले, कारण भांडले नाही तर रडू येईल असं वाटायचं.

"नाहीत तर मग तू बघतेस काय?"

"तेच तर. तू शिकलेली, तू सांग."

"काहीच बघत नसशील. भास असेल."

"काहीच नसलेलं मला ठाऊक हाय. मधे डाग हाय ना, तिथं काहीच नाय. हे तसं नाय. ह्याला पिवळा काठ हाय."

"मग डोळ्यांत असेल."

"डोळ्यांत असती तर डोळ्याएवढी असती. ती ओटीवर असते. खांबाच्या अलीकडं, जात्याच्या पलीकडं."

"मग आठवण असेल. कधीतरी बघितलेल्या बाया."

तू डोळे मिटलेस आणि उघडलेस. "आठवण डोळे मिटले की येते. ह्या डोळे मिटले की जातात." आणि मग खवचटपणे, "शाळेत हे नाय का शिकवलं?"

"शाळेत बेरजा शिकवल्या."

"मग कर बेरीज. ओटीवर मी एक, तू एक, त्या सात-आठ. किती झाल्या?"

अजून ती बेरीज मला आलेली नाही.

एकदा तू पाण्याच्या हंड्याभोवती फेरी मारत होतीस. मी विचारलं, हे काय. तू म्हणालीस, "हंड्याला मी इकडून बघते तेव्हा इकडची बाजू दिसते. पलीकडं गेले की पलीकडची. दिसत नाय तेव्हाही ती तिथं असते, हात लावला की लागते. त्या बायांचं तसं नाय. मी कुठूनही बघितलं तरी तीच बाजू. त्यांना पाठच नाय गं." आणि तू माझ्यामागे आलीस आणि तुझा हात माझ्या पाठीवर ठेवलास. "तुला हाय."

तेव्हापासून तो तुझा नेमच झाला. बोलायच्या आधी पाठीवर हात. शेजारच्यांना वाटायचं, सासू किती माया करते. माया होतीच. पण मी आहे की नाही हेही तू बघत होतीस.

हे सगळं आपल्या दोघींत राहिलं असतं. पण विहिरीच्या वाटेवर तू पुन्हा चुकलीस. वाट रिकामी होती, आणि तू हात आडवा करून मला म्हणालीस, "थांब, बायांना जाऊ दे." मागून ठकूमावशी येत होती.

"कोणत्या बायांना गं?" तिने विचारलं.

तू हात खाली घेतलास. मी तर खालीच बघत होते. त्याच आठवड्यात तिच्या सुनेला हीव भरलं.

पलीकडच्या पाड्यावरच्या चंद्रीला भुताळी म्हणून लोकांनी कसं घालवलं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. तिच्या घराचा कूड ओढून काढला होता. ती एक मडकं घेऊन उतारावरून गेली आणि तिला कोणी हाक मारली नाही. तू तेवढी वाटेत गाठून भाकरी देऊन आलीस. आणि आता ठकूच्या ओटीवर सूप मांडलं होतं, सुपात तांदूळ होते, देवजी भगत घुमत होता आणि आपल्याला बोलावणं आलं होतं. वाटेत मी तुला सांगत होते, "काही दिसत नाही म्हण. काही म्हणजे काही नाही." तू म्हणालीस, "खोटं बोलू?" मी म्हटलं, "बोल गं, तुझ्या पाया पडते." हे आपल्या पुढे चालले होते, मान खाली घालून. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

देवजीने तांदूळ चिवडले. मग म्हणाला, "म्हातारे, विहिरीच्या वाटेवर तू वाट कोणाला दिलीस?"

तू त्याच्या कानाकडे बघून म्हणालीस, "देवजी, तू मला कसा दिसतोस सांगू? धुरासारखा. ही ठकी धुरासारखी. माझा लेकही तसाच. आंधळ्या माणसाला येतंय कोण ते कळत नाय. कोणाला धक्का लागायला नको म्हणून मी सगळ्यांनाच वाट देते. तू आलास तरी देईन."

मागून कोणीतरी म्हातारा हसला. "आणि वाटेत रेडा आला तर?"

"त्याला आधी देईन. तो थांबायचा नाय."

मग सगळेच हसले, देवजीसुद्धा. ठकूमावशी हसली नाही. पण तिची सून पुढे बरी झाली आणि ते तेवढ्यावर राहिलं.

घरी आल्यावर तू ओटीवर टेकलीस. म्हणालीस, "तो विचारत होता तेव्हा त्या बाया त्याच्या मागंच उभ्या होत्या. ओळीनं. इतक्या नीट कधी दिसल्या नव्हत्या."

"त्यांना भ्यालीस?"

"त्यांना कशाला भिऊ? त्या काय करणार? मी ह्या अंधुक माणसांना भ्याले. ह्यांना हात हायेत."

आत्या, उद्या तेच हात असतील आणि तू नसशील.

आणि तुझं जाणं. ते लिहायचं टाळत होते.

थंडीत तुझी छाती धरली. नागलीची झोडणी उरकली होती, घर कणग्यांनी भरलं होतं आणि तुझ्या पोटात पेजेची पळीही जात नव्हती. त्या सकाळी ओटीवर ऊन आलं म्हणून तुला उन्हात निजवलं. मी पेज भरवायला वाकले. तू माझा हात बाजूला केलास आणि माझ्याकडे बघितलंस. कानाकडे नाही. सरळ माझ्या डोळ्यांत. किती वर्षांनी. आणि हसून म्हणालीस, "आज नीट दिसतेस गं."

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं.

आपला एक खेळ होता. तुला कोणी दिसलं आणि शंका आली की मी विचारायचे, लुगडं कोणतं नेसलीय? तू सांगायचीस, आणि मग आपल्याला कळायचं. त्या वेळी मी तेवढंच विचारायला हवं होतं. मी जुनं विटकं लुगडं नेसले होते, त्याचा काठ कधीच गेलेला. तू 'पिवळा काठ' म्हणाली असतीस तर? म्हणून मी विचारलं नाही. मी तुझा हात उचलला आणि माझ्या पाठीवर ठेवला. बघ आत्या, पाठ आहे. हेही मी मोठ्याने म्हटलं नाही. हात तिथे होता तेवढ्यात ठकूमावशी अंगणातून वर आली. तिच्या हातात तुझ्यासाठी आणलेलं म्हशीचं दूध होतं. तिने हात बघितला, तुला बघितलं, आणि ती जागच्या जागी थांबली. तोवर तू गेली होतीस.

तिने ते दूध आमच्या उंबऱ्यात ठेवलं आणि मागे सरत सरत निघून गेली. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ती बायकांना म्हणाली, "शेवटचा हात कुठं होता ते मला ठाऊक हाय." मी हंडा घेऊन आले तेव्हा बायका गप्प झाल्या. काल एकीने पोर काखेतून पदराखाली घेतलं.

मी ठकूमावशीचा राग करायला बघते, पण जमत नाही. ती दूध घेऊन आली होती. आणि ती खरोखर भ्यालेली आहे. मी काल रात्रीपासून त्या ऐनाचा विचार करते आहे. ठकूमावशी भ्याली ती भुताळीला. भुताळी कुठेच नाही, मी आहे. पण जसा मला तेव्हा ऐन दिसला नाही, तशी तिला मी दिसत नाही. तू विचारायचीस, तो माणूस गेला कुठं. तो कुठेही जात नाही, आत्या. लोक त्याला भितात आणि कुऱ्हाड ऐनावर पडते.

हे मला तुझ्याशी बोलायचं होतं. तू म्हणाली असतीस, "आता शिकलीस बेरीज."

पोरांचे आवाज आले. पीठ चाळायला घ्यायला हवं.

*

झालं. सगळे गेले.

देवजीने डालं उचललं तेव्हा सगळे वाकले. पीठ जागोजागी जरासं दबलेलं होतं. हे म्हणाले, "पाखरू वाटतं." तुझे दीर म्हणाले, "छे, खूर हाय." ठकूमावशी दाराच्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मांजर. बघा ना, ही बोटं, हा तळवा."

आणि आत्या, मलाही मांजराचं पाऊल दिसलं. ती बोलायच्या आधी तिथे नुसतं पीठ होतं. ती बोलली आणि पाऊल दिसलं, आणि काही केल्या ते जाईना. वाटलं, ठरलं आता. आणि त्याहून वाईट वाटलं ते हे, की खरंच तू मला काही देऊन गेलीस की काय.

देवजी माझ्याकडे वळला. "सुने, शेवटी जवळ तू होतीस. तू सांग, तुला काय दिसतं?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे झाली. तुला ठाऊक आहे, इतक्या माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही. मी काय बोलणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं. मला हंडा आठवला. मी उठले आणि पिठाला वळसा घालून पलीकडे गेले. लोक बाजूला होत होते, माझा पदर लागू नये म्हणून. पलीकडून ऊन समोरून येत होतं. तिथून बघितलं, तर मांजर नव्हतं. डाल्याची एक कामटी सुटलेली होती, तिच्या टोकांच्या खुणा पिठात होत्या.

"मावशी," मी म्हटलं. आवाज फाटका निघाला. "इकडून बघा."

"इकडून काय येगळं दिसायचंय?"

"या तर खरं."

ती येईना. मग तुझे दीर म्हणाले, "जा की ठके, ती काय खाते का तुला?" कोणी हसलं नाही. पण ती आली. माझ्यापासून हातभर लांब उभी राहिली आणि वाकून बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती पुन्हा दाराकडे गेली, तिथून बघितलं, परत माझ्याकडे आली.

"आता काय दिसतं?" देवजीने विचारलं.

"आता..." ती म्हणाली, "आता कायच धड दिसत नाय."

"मग मांजर गेलं कुठं?" तुझे दीर म्हणाले.

आत्या, मी पदर तोंडात कोंबला. हसू होतं की रडू, मला कळलं नाही. तू असतीस तर हसत तिथेच बसली असतीस.

देवजी उठून आमच्या बाजूला आला, गुडघ्यावर बसला, बघितलं, आणि म्हणाला, "गाय. खूर हाय अर्धा. उठा आता, पोरं भुकेली असतील." कदाचित तोच भुकेला होता. लोक जेवले. ठकूमावशीही जेवली. जाताना माझ्यापाशी थांबली, काहीतरी बोलणार होती, पण "ताक घेऊन जा उद्या" एवढंच म्हणाली. तिने माझ्या पाठीला हात लावला नाही. पूर्वी लावायची.

भीती गेलेली नाही. उद्या कोणाची म्हैस आटेल, कोणाला हीव भरेल, आणि पुन्हा माझ्याकडे तोंडं वळतील. तेव्हा पीठ नसेल, आणि कोणी पलीकडून येऊन बघेलच असं नाही.

पण मला दुसरी एक भीती आहे आणि ती सांगायला तूच हवीस. त्या सकाळी तू कोणाला बघितलंस? ती नीट दिसणारी, पिवळ्या काठाची, पाठ नसलेली, तिला पाहून हसलीस का तू? तुझे डोळे तिच्याकडे गेले असतील तर जाऊ देत. माझं ते रोजचं अंधुक तोंड तू इतकी वर्षं खरं मानलंस, एवढं मला पुष्कळ झालं. पण हात माझ्या पाठीवर होता. ती पाठ तुला लागली ना?

सगळे गेल्यावर मी पीठ भरायला घेतलं आणि भरवेना. डोळे पाण्याने डबडबले होते. उंबऱ्यात उभी राहिले. ओटीवरचा खांब धुरासारखा दिसत होता, जातं चिखलात बुडाल्यासारखं, आणि तू बसायचीस त्या जागेवर, पिठाच्या अलीकडे, काहीतरी होतं. काय ते कळत नव्हतं. अगदी अंधुक होतं.

ठकूमावशी तिच्या अंगणातून बघत असेल, हे मनात आलं. तरी मी अंग चोरून उंबऱ्यातून बाजूला झाले आणि वाट दिली.